डाव्या हाताने लिहिलेल्या वह्या

प्रश्न : माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा आहे, चौथीत, मराठी माध्यमात. बोलायला चुणचुणीत, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पण वाचायला बसवलं की त्याच्या पोटात दुखतं. पाढे तोंडपाठ, तरी लिहिताना २१ चे १२ होतात. 'तारे जमीं पर' हा सिनेमा मी चार वेळा पाहिला आणि चारही वेळा रडले, कारण त्यातला, वाचता-लिहिताना अडणारा ईशान म्हणजे माझाच मुलगा. तपासणी करून घेऊ म्हटलं तर त्याचे बाबा म्हणतात, "आळशी आहे. मीही असाच होतो, मार खाऊन सुधारलो. आणि वह्या तर नीट आहेत की!" शाळेतल्या बाईंचीही तक्रार नाही (वह्या मीच पूर्ण करते, डाव्या हाताने, म्हणजे अक्षर त्याचं वाटतं). बाबा तो सिनेमा बघायला तयार नाहीत. त्यांना कसं समजावू?
– एक आई

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशी अडकले. नवऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत, सिनेमाबद्दल लिहिलंत आणि हे मात्र जाता जाता, कंसात. मला आज त्या कंसाबद्दलच बोलायचंय.

माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली. चाळीस-पंचेचाळीस वह्यांचा गठ्ठा समोर असतो आणि तास संपत आलेला असतो. अशा वेळी बाईंचं पेन कुठे थांबतं सांगू? 'म'च्या जागी 'भ' आलेला, वेलांटी भलत्याच बाजूला, जोडाक्षरातलं अर्धं अक्षर गायब, एकाच पानावर 'पुस्तक' तीन तऱ्हांनी लिहिलेलं आणि खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं. ते भोक दिसलं की पेन थांबतं. तुमच्या मुलाच्या वहीत ते भोक नाही. तिथे वाकड्यातिकड्या अक्षरात सगळं बरोबर लिहिलेलं आहे. बाईंनी बरोबरची खूण केली आणि पुढची वही ओढली. वर्गात त्याला मोठ्याने वाचायला लावलं असतं तर त्यांना कळलं असतं, हे खरंच, आणि त्यांच्याशीही मी भांडेन. पण पत्र तुमचं आलंय.

तुम्ही चार वेळा पाहिलेल्या सिनेमात ईशानचे चित्रकलेचे शिक्षक निकुंभ सर त्याच्या घरी येतात, तो प्रसंग आठवा. रडण्याआधीचा. सर आईवडिलांसमोर वह्या उघडतात आणि बोट ठेवून दाखवतात : ही अक्षरं उलटी, हा एकच शब्द दर वेळी निराळा. वडिलांना पटत नाही, तेव्हा परक्या लिपीत छापलेला एक खोका त्यांच्या हातात देतात आणि म्हणतात, वाचा. ईशानची सुटका त्या वह्यांमधून सुरू होते. चुका होत्या तशा कागदावर होत्या, म्हणून सरांना त्यांच्यातला सारखेपणा दिसला. ईशानच्या आईने रोज रात्री बसून त्या वह्या सुधारून ठेवल्या असत्या, तर सरांनी काय उघडून दाखवलं असतं?

तेच तुमच्या घरी झालंय. बाबांना समजवा म्हणता, पण ते म्हणतात वह्या नीट आहेत आणि वह्या नीटच आहेत. पुरावा तुम्ही रोज रात्री स्वतःच्या हाताने पुसता आणि सकाळी त्यांना म्हणता, विश्वास ठेवा. कशावर ठेवायचा त्यांनी?

हे तुम्ही मायेने केलंत, याबद्दल मला शंका नाही. शाळेत ओरडा बसू नये, घरात हात उगारला जाऊ नये, एवढंच तुम्हाला हवं होतं. तरीही चुकलात. तुम्ही लिहीत असता तेव्हा तो शेजारीच बसलेला असतो ना? त्याची आई, उजव्या हाताची बाई, त्याच्यासारखं वाईट अक्षर काढायला जिवाचा आटापिटा करतेय, हे तो बघतो. त्यातून तो काय शिकत असेल? माझं अक्षर कुणाच्या नजरेस पडता कामा नये, हेच. नऊ वर्षांच्या पोराच्या पोटात दुखणार नाही तर काय होईल?

तपासणीचं म्हणाल, तर त्यात भिण्यासारखं काही नाही. आधी डोळे आणि कान तपासतात, म्हणजे अडचण तिथे नाही ना हे कळतं. मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक पाहतात आणि विशेष शिक्षक त्याचं वाचन, लेखन, गणित तपासतात. बुद्धी चांगली असून वाचन-लेखन वयाच्या मानाने फार मागे पडलेलं दिसलं, तर अध्ययन अक्षमता म्हणतात. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण, हा तिचाच एक प्रकार. लहान वयात अक्षरं उलटी तर बहुतेक मुलं काढतात, म्हणून सात-आठ वर्षांपर्यंत कुणी पक्कं सांगत नाही. तुमचा मुलगा साडेनऊचा आहे, थांबायचे दिवस संपले. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी वेगळं क्लिनिकच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झालाय आणि प्रमाणपत्र असलं की दहावीच्या परीक्षेला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. यावर औषध नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड पायरी-पायरीने, पुन्हा पुन्हा घालून देणारं शिकवणं लागतं, आणि ते महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं चालतं. सिनेमात ते काही मिनिटांत उरकतं. तुमच्याकडे उरकणार नाही.

आणि हो, बाबांचं ते 'मीही असाच होतो' जपून ठेवा, तपासणाऱ्यांना सांगा. ही गोष्ट घराण्यात चालत येऊ शकते. त्या माणसाने लहानपणी कशाबद्दल मार खाल्ला, हे त्यालाही कधी कुणी सांगितलेलं नसेल.

तपासणीला जाल तेव्हा तिथे त्याच्या वह्या मागतील. आजच्या घडीला तुमच्याकडे दाखवायला त्याच्या हातची एकही वही नाही. म्हणून बाबांना सिनेमा दाखवायचं सोडा. आज रात्री एक कोरी वही काढा. पुस्तकातल्या पाच ओळी त्याला उतरवू द्या आणि पाच ओळी तुम्ही सांगा, तो लिहील. खोडरबर आत ठेवून द्या. त्याला आधीच सांगा की चुकलं तरी कुणी रागावणार नाही आणि हीच वही शाळेत जाणार आहे. तो घाबरेल, तुमच्याकडे बघेल, पेन्सिल तुमच्या पुढे करेल. घेऊ नका. शेजारी बसून राहा, हात मांडीवर.

झाल्यावर ती वही बाबांच्या जेवणाच्या पानाशेजारी उघडी ठेवा, आणि आधीच्या वह्या कुणी लिहिल्या तेही त्यांना सांगा. दुसऱ्या दिवशी तेच बाईंना, मुलाला बाहेर थांबवून.