'निकाली' झालेल्या तक्रारी मोजा, ॲप नंतर बघू

प्रभागातले खड्डे, कचरा, बंद दिवे यांवर सोसायट्यांनी मिळून लक्ष ठेवायचं, तर स्वतःचं ॲप बनवावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नका बनवू. तक्रार टाकायची सोय बहुतेक मनपांनी केलेली आहे. गाडं अडतं ते 'निकाली' या शब्दावर.

आमच्या गल्लीतला दिवा बंद होता. तक्रार टाकली, तीन दिवसांत 'निकाली', सोबत लख्ख पेटलेल्या दिव्याचा फोटो. खांबावर रंगवलेला नंबर नीट पाहिला, तर खांब भलताच! तेव्हापासून आमच्या तक्रारींच्या तक्त्यात एक जादा रकाना आहे : कुणीतरी स्वतः जाऊन पाहिल्याची तारीख. कनिष्ठ अभियंत्यासमोर बसल्यावर वजन पडतं ते त्याच रकान्याचं. ब्रिटनमधलं 'फिक्समायस्ट्रीट' हे रस्त्यांच्या तक्रारी टाकायचं संकेतस्थळ २००७ पासून चालू आहे. तेही तक्रारदारालाच चार आठवड्यांनी विचारतं, काम झालं का?

फोटोत माप येऊ द्या. मुंबई मनपाने नोव्हेंबर २०१९ मध्ये २४ तासांत खड्डा न बुजल्यास ५०० रुपये देऊ केले होते. अट अशी की खड्डा किमान एक फूट लांब आणि तीन इंच खोल हवा. लोक हसले, पण मापाची तक्रार टोलवणं अवघड जातं. शाळेची पट्टी खड्ड्यात उभी धरा, झालं.

आता तुमच्या सोसायट्यांच्या ग्रुपमधल्यांना आवडणार नाही ते. बॉस्टनमध्ये फोनला बसणाऱ्या धक्क्यांवरून खड्डे शोधणारं 'स्ट्रीट बम्प' आलं, तेव्हा अडचण ही की ज्यांच्याकडे स्मार्टफोन, त्यांच्याच रस्त्यांची नोंद जास्त होणार. तुमच्या तक्रारींच्या नकाशावरही सोसायट्यांसमोर ठिपक्यांची गर्दी आणि नाल्याकाठची वस्ती कोरी दिसेल. तिथे घंटागाडी वेळेवर येते म्हणून नव्हे. बचत गटातल्या एखाद्या ताईंना व्हॉइस मेसेज पाठवायला सांगा, नोंद तुम्ही करा.

तोच खड्डा पुन्हा पुन्हा उखडत असेल, तर तक्रारी थांबवून माहिती अधिकारात त्या रस्त्याचा कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा लेखी आदेश) आणि दोष दायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायचा, ती हमी) मागा. आम्ही मागितला, तेव्हा कळलं की रस्ता अजून ठेकेदाराच्या हमीत होता आणि खड्डे मात्र मनपा आपल्या पैशाने बुजवत होती.