जोडताना अडखळणारे आवाज

प्रश्न : मी नागपुरात धरमपेठेत राहतो आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून बीटबॉक्सिंग, म्हणजे तोंडाने तालवाद्यांचे आवाज काढणे, शिकतो आहे. किक (मोठा ढोल), हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि स्नेअर (कडकडीत आवाजाचा छोटा ढोल) हे ड्रमसेटचे आवाज सुटे सुटे नीट निघतात. पण त्यांची जुळणी करायला घेतली, की चार आवर्तनांतच लय घसरते आणि दम लागतो. स्वतःच्या जुळण्या कशा रचाव्यात?

उत्तर : सुटे आवाज नीट निघत असतील, तर तुमची अडचण एका आवाजावरून दुसऱ्यावर जाण्यात आहे, आणि तिची किल्ली शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत आहे. क-वर्ग कंठात, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांवर, अशी ती उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. किक म्हणजे ओठांवरचा ‘प्’, हाय-हॅट म्हणजे ‘चूल’मधला ‘च्’ (हिंदीतल्या ‘चाय’मधला नव्हे) आणि स्नेअर म्हणजे ‘क्’. लागोपाठचे दोन आवाज वेगळ्या स्थानांवरचे असले, तर ओठ ‘प्’ सोडत असतानाच जीभ ‘च्’च्या जागी तयार असते, एकाच स्थानावरचे असले, तर त्याच अवयवाला लगेच पुन्हा राबावे लागते आणि लय तिथेच अडखळते.

म्हणून आधी ‘प् च् क् च्’ पक्के करा. मग आठ मात्रांत ‘प् च् क् प् । च् प् क् च्’ घ्या. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवरचा ‘क्’ हलवू नका. बाकीची अक्षरे बदलून पाहा, तुमच्या स्वतःच्या जुळण्या त्यातूनच निघतील. तबलजी पढंत करतात, तशी प्रत्येक नवी जुळणी आधी बोलून घ्यावी. अंबाझरी तलावाच्या काठाने चालताना दर पावलाला दोन अक्षरे ठेवलीत, तर वेगळ्या मेट्रोनोमची (लय मोजून देणाऱ्या यंत्राची) गरज उरत नाही.

मात्र ही अक्षरे स्वररहितच राहिली पाहिजेत. बीटबॉक्स हे नाव मुळात ताल वाजवणाऱ्या यंत्रांचे, १९८० साली आलेले रोलंड टीआर-८०८ हे त्यांतले प्रसिद्ध. त्यांच्या आवाजाची नक्कल न्यूयॉर्कच्या हिप-हॉप कलावंतांनी तोंडाने केली. ‘प’ म्हणताना त्यात ‘अ’ मिसळला, की तो ढोल न राहता बोलणे होते.

आता दमाविषयी. भरलेली बादली उचलताना आपण श्वास रोखतो, तसा रोखून ‘प्’ फोडून पाहा. तो तसाच खणखणीत निघाला, तर तुमची किक फुप्फुसातली हवा खर्च करत नाही. नाही निघाला, तर दम तिथेच जातो आहे. स्नेअरसाठी जिभेची मागची कड ‘क्’च्या जागी टेकवून हवा आत ओढायला शिका. मग वरच्या आठ मात्रांत दोनदा श्वास आपोआप मिळतो आणि त्यासाठी थांबावे लागत नाही. हा आवाज बसायला आठवडे लागतात. घाई करू नका.

हे साधल्यावर तालासोबत गुणगुणून पाहावे. ती गुणगुण ‘म’ची नको, ‘ङ’ची हवी. जिभेचा मागचा भाग टाळूला लागून सूर नाकातून जातो आणि ओठ व जिभेचे टोक ‘प्’ आणि ‘च्’साठी मोकळे राहतात. अर्थात ‘क्’ची जागा अडलेली असल्यामुळे सुरुवातीच्या जुळण्या या दोनच अक्षरांवर रचाव्यात.

आणि मे महिन्यात सराव पहाटेच करा. आपल्याकडच्या उन्हाने ओठ कोरडे पडले, की किक फाटते.