कारखान्यासाठी एआय बसवताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ऑर्डरींना उत्तरं लिहिणारं एआय हवंय ना? मग सगळा भार परदेशी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाकू नकोस. हे सर्व्हर ज्यांवर चालतात त्या एआय चिपच्या निर्यातीवर देशवार मर्यादा घालणारा नियम अमेरिकेच्या बायडेन सरकारने जानेवारी २०२५मध्ये काढला, भारतही त्यात होता. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रम्प सरकारने तो गुंडाळला. अशा धरसोडीवर धंदा कसा बेतणार?

ओलामा हे एआय मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर टाकून लॅपटॉपवरच सुरुवात कर. ८ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलने शिकलेले आकडे) ४-बिट, म्हणजे आकडे दाबून लहान केलेलं मॉडेल साधारण ५ जीबी खातं. रॅम १६ जीबी घे, ८वर ते रखडतं.

खरी गोची मराठीची. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन, म्हणजे मॉडेल वाचतं ते शब्दांचे तुकडे लागतात. कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेल एका वेळी ध्यानात ठेवतं तेवढा मजकूर, ४,०९६ टोकनवर असेल तर तो लवकर भरतो, आधीचा मजकूर गुपचूप गळतो आणि मॉडेल टॉवेलचा साइज बिनदिक्कत ठोकून देतं. म्हणून मर्यादा ८,१९२ कर आणि दरपत्रकातल्या लागतील तेवढ्याच ओळी दे. जीएसटीची आकडेमोड मात्र एक्सेललाच करू दे.

मॉडेलला मजकूर देण्याआधीच त्यातले गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर काढून टाक. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या ढिलाईला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.