जगातील केळीची देशवार आकडेवारी एकाच ठिकाणी पाहून, हवी तेवढी गाळून तिचा नकाशा कसा तयार करावा?

आपण विचारले आहे की, कोणत्या देशात किती केळी पिकते, हेक्टरी किती निघते आणि कुठून किती निर्यात होते ही माहिती एकाच डेटाबेसमधून घेऊन जगाच्या नकाशावर कशी दाखवावी. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनातील फलकासाठी ती हवी आहे आणि त्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याची सोय नाही, असेही आपण लिहिले आहे. मी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या निर्यातीची कागदपत्रे सांभाळतो. ही आकडेवारी कामापुरती नेहमी चाळावी लागते, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

नुसते पाहायचेच असेल, तर ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या संकेतस्थळावर केळीच्या उत्पादनाचा तयार नकाशा आहे. खालची वर्षांची पट्टी सरकवली की १९६१ पासून देशांचे रंग कसे बदलत गेले ते दिसते, आणि श्रेय देऊन तो नकाशा छापण्याची मोकळीकही आहे. मात्र त्यामागची आकडेवारी मुळात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ‘फाओस्टॅट’ या डेटाबेसमधून आलेली असते. आपल्याला उत्पादन, उत्पादकता आणि निर्यात या तिन्ही गोष्टी हव्या असल्याने थेट मुळाशीच गेलेले बरे. फाओस्टॅटला शुल्क नाही, २४५ हून अधिक देश व प्रदेशांची माहिती तिथे आहे आणि पडद्यावरची भाषा इंग्रजी असली तरी कामाचे शब्द दहा-बारापेक्षा जास्त नाहीत.

तिथे ‘प्रॉडक्शन’ या विभागातील ‘क्रॉप्स अँड लाइव्हस्टॉक प्रॉडक्ट्स’ उघडावे. समोर चार चौकटी येतात: देश, घटक, पीक आणि वर्ष. बहुतेक लोक या चौकटींत भराभर खुणा करून रंगांच्या निवडीकडे वळतात. माझ्या मते मात्र नकाशा खरा निघणार की खोटा, हे या चार चौकटींतच ठरते आणि निम्मा वेळ इथेच द्यावा.

आधी पिकाची चौकट घ्या. ‘बनानाज’ आणि ‘प्लँटेन्स अँड कुकिंग बनानाज’ ही तिथे दोन वेगळी पिके आहेत. युगांडात लोकांचे रोजचे जेवणच शिजवलेल्या केळ्यांवर चालते, पण ते उत्पादन मुख्यतः दुसऱ्या नावाखाली नोंदलेले आहे. फक्त पहिले नाव निवडले तर युगांडासारखे देश नकाशावर फिके दिसतील आणि फलक पाहणाऱ्याला वाटेल की तिकडे केळी फारशी नाहीच. आपला विषय खायची पिकलेली केळी असेल तर पहिलेच नाव घ्यावे, परंतु तसे फलकावर लिहावे. नंदुरबारचा कोणी मिरचीसाठी हाच उद्योग करणार असेल, तर त्यालाही हिरवी आणि वाळलेली मिरची अशा दोन नोंदी दिसतील. तिथेही निवड विचारपूर्वकच करावी लागेल.

देशांच्या चौकटीत ‘सर्व निवडा’ हे बटण दाबण्याचा मोह होतो, तो आवरावा. यादीत ‘चायना’ हे एकत्रित नाव आहे आणि त्याखेरीज चीनची मुख्य भूमी, हाँगकाँग, मकाऊ व तैवान अशी वेगळी नावेही आहेत. सगळ्यांवर खूण केली की चीन दोनदा मोजला जातो. यादीतील खंडांच्या व प्रदेशांच्या बेरजाही तशाच काढून टाकाव्यात. जुनी वर्षे घेत असाल तर १९९१ पर्यंतचा सोव्हिएत संघ आणि २०११ पर्यंतचा अखंड सुदान ही आजच्या नकाशावर नसलेली नावेही त्यात येतात. त्यांना रंग देण्यासाठी नकाशावर जागाच नसते, त्यामुळे ती आकडेवारी मुकाट्याने गळून पडते.

घटकांत ‘एरिया हार्वेस्टेड’, ‘यील्ड’ आणि ‘प्रॉडक्शन क्वांटिटी’ हे तिन्ही घ्यावेत. क्षेत्र हेक्टरमध्ये, उत्पादन टनांत आणि उत्पादकता हेक्टरी किलोत मिळते. कोणाकडून जुनी उतरवलेली फाइल मिळाली तर तिच्यात उत्पादकता हेक्टोग्राममध्ये, म्हणजे शंभर ग्रॅमच्या हिशेबात असू शकते आणि आकडा दहापट मोठा दिसतो. भारताची सरासरी हेक्टरी ३५ टनांच्या आसपास आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर एकरी सुमारे १४० क्विंटल. हा आकडा पाहून रावेर-यावलचे बागायतदार हसतील, कारण टिश्यू कल्चरच्या रोपांवरची ठिबकची बाग याहून बरेच जास्त देते; परंतु ही देशभराची सरासरी आहे, आपल्या शिवाराची नव्हे, हे फलकावर एका ओळीत सांगून टाकावे.

वर्षाबाबत माझा सल्ला असा की, एकच वर्ष न घेता लागोपाठच्या तीन वर्षांची सरासरी घ्यावी. केळीचे पीक कॅलेंडरच्या चौकटीत बसत नाही: मृगबाग जून-जुलैत लागते आणि दुसऱ्या वर्षी कापणीला येते, हिवाळ्याच्या तोंडावर लागणाऱ्या कांदेबागेचा हिशेब वेगळा, त्यात खोडवा, म्हणजे पहिल्या कापणीनंतर त्याच झाडाच्या पिलावर घेतलेले पीक, आणखी वेगळा. त्यातच वादळाने किंवा करपा रोगाने एखादे वर्ष गेले, तर त्याच वर्षाचा नकाशा त्या देशावर अन्याय करतो.

प्रत्येक आकड्याशेजारी एक अक्षर असते, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘ए’ म्हणजे त्या देशाने दिलेला अधिकृत आकडा, ‘ई’ म्हणजे अंदाज आणि ‘आय’ म्हणजे माहिती आलीच नाही म्हणून गणिती पद्धतीने भरलेला आकडा. उतरवताना ही अक्षरे फाइलमध्ये येऊ द्यावीत. एखाद्या देशाची तिन्ही वर्षे ‘आय’ची असतील तर त्याला नकाशावर रेघांची छटा द्यावी, म्हणजे पक्का आणि अंदाजाने भरलेला आकडा सारख्याच रुबाबात मिरवणार नाही.

निर्यातीसाठी त्याच संकेतस्थळावर ‘ट्रेड’ हा विभाग आहे. इथे खरी गंमत आहे. जगात वर्षाला निर्यात होणारी केळी ढोबळमानाने २ कोटी टन आहे, तर एकट्या भारताचे उत्पादन ३ कोटी टनांहून अधिक, म्हणजे जगाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके आहे. तरीही निर्यातीच्या नकाशावर सर्वांत गडद देश इक्वेडोर असतो, कारण आपली जवळजवळ सगळी केळी देशातच खपते. हे दोन नकाशे शेजारी-शेजारी लावले तर फलकाला वेगळे भाष्य लागणार नाही. निर्यातदारांच्या यादीत बेल्जियमही वर दिसतो, आणि बेल्जियममध्ये केळीची बाग नाही. अँटवर्प बंदरात उतरलेली केळी पुढे इतर देशांत जाते आणि तिथून निघताना पुन्हा निर्यात म्हणून नोंदली जाते. असे देश गाळण्यासाठी सोपी अट अशी की, ज्यांचे केळीखालचे क्षेत्र शून्य आहे किंवा ज्यांची निर्यात उत्पादनापेक्षा जास्त आहे, ते बाजूला काढावेत. दोन देशांमधला व्यापार पाहणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पाठवणारा देश किंमत बहुधा बंदरावर माल चढेपर्यंतची लिहितो आणि घेणारा देश भाडे व विमा धरून लिहितो, म्हणून एकाच मालाचे दोन आकडे जुळत नाहीत. अशा वेळी किमतीऐवजी वजनावर भर देणे सुरक्षित.

फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या तक्त्याच्या स्वरूपात उतरवावी आणि देशांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा तीन अक्षरी संकेत निवडावा. दोन अक्षरी संकेतात नामिबिया ‘एनए’ होतो आणि काही सॉफ्टवेअर त्याचा अर्थ ‘माहिती नाही’ असा लावून देशच पुसून टाकतात. आकडी संकेत घेतला तर एक्सेल सुरुवातीची शून्ये खाते.

नकाशासाठी दोन मार्ग आहेत. ‘डेटारॅपर’ ब्राउझरमध्येच चालते, मोफत खात्यावर फाइल चढवली की तासाभरात नकाशा तयार होतो. ‘क्यूजीआयएस’ हे नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर बसवावे लागते, शिकायला वेळ लागतो, परंतु मोठ्या फलकासाठी मी तेच सुचवेन. त्यात देशांच्या सीमांसाठी ‘नॅचरल अर्थ’ची मोफत फाइल घेऊन तिला आपली सीएसव्ही जोडायची असते. जोडताना ‘आयएसओ ए३’ या रकान्यात फ्रान्स आणि नॉर्वे यांच्यापुढे संकेताच्या जागी उणे ९९ लिहिलेले आढळते आणि ते देश जोडले जात नाहीत; त्याऐवजी त्याच नावाला शेवटी ‘ईएच’ जोडलेला रकाना वापरला की काम होते.

देशाला रंग भरण्याची पद्धत उत्पादकतेसाठी वापरावी, एकूण उत्पादनासाठी वापरू नये. एकूण टनांसाठी देशाच्या मध्यभागी लहान-मोठी वर्तुळे काढावीत, कारण रंग भरला की डोळा आकड्याऐवजी देशाचा आकार वाचतो. स्पेन याचे उत्तम उदाहरण आहे: त्याची केळी पिकते आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या कॅनरी बेटांवर, पण रंगतो संपूर्ण स्पेन. आपल्याकडेही रावेर आणि लडाखला एकच रंग मिळतो. एकूण उत्पादनाच्या वर्तुळांची वर्गवारी समान अंतराची ठेवली तर भारताच्या मोठ्या आकड्यामुळे बाकीचे जवळजवळ सगळे देश सर्वांत खालच्या वर्गात जाऊन बसतात. म्हणून प्रत्येक वर्गात सारख्या संख्येने देश येतील अशी विभागणी आधी करून पाहावी आणि मग सीमा हाताने गोल आकड्यांवर आणाव्यात. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत, मर्केटर ठेवू नये. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठी आहे. आणि केळी तर विषुववृत्ताच्या आजूबाजूचे पीक, म्हणजे नेमके तेच देश आक्रसतात. २०१८ मध्ये आलेले ‘इक्वल अर्थ’ हे समक्षेत्र, म्हणजे देशांची क्षेत्रफळे खऱ्या प्रमाणात दाखवणारे प्रक्षेपण या कामाला चांगले आहे.

छापण्यापूर्वी भारताची सीमा तपासणे आवश्यक आहे. परदेशी साधनांमध्ये जम्मू-काश्मीर, लडाख आणि अरुणाचल प्रदेशाच्या सीमा अनेकदा तुटक किंवा वेगळ्या आखलेल्या असतात, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली दंडनीय आहे. नॅचरल अर्थ भारताच्या भूमिकेनुसार आखलेल्या सीमांची वेगळी फाइल देते; तीही सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडूनच वापरावी.

प्रदर्शनात येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा जळगावचा आकडा शोधेल. तो फाओस्टॅटमध्ये सापडणार नाही, कारण तिथली माहिती देशाच्या खाली उतरत नाही. जिल्ह्याचे क्षेत्र व उत्पादन जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाकडून घ्यावे, ते जगाच्या नकाशात न मिसळता शेजारी स्वतंत्र चौकटीत द्यावे आणि आपले कृषी वर्ष जुलै ते जून असते, तर नकाशातली वर्षे कॅलेंडरची आहेत, हे त्या चौकटीखाली लिहावे.