टोल्याचा आकडा वेगळा मांडा

प्रश्न : आमचा टोला, म्हणजे गावाची सुटी वस्ती, गडचिरोली जिल्ह्यात, मूळ गावापासून 2 किलोमीटरवर आहे. गावाला डांबरी रस्ता आहे, आम्हाला पांदणच. मागणी कशी करावी?

उत्तर : प्रधानमंत्री ग्रामसडक योजना महसुली गाव नाही, वस्ती मोजते. चौथ्या टप्प्यात 2011 ची लोकसंख्या धरतात. सपाटीवर वस्तीत किमान 500 माणसे हवीत, अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात 250. घोळ होतो तो इथेच : गाव ‘जोडलेले’ दाखवले की टोलाही त्यातच गडप! म्हणून ग्रामसभेच्या ठरावात टोल्याची स्वतंत्र लोकसंख्या आणि बारमाही रस्त्यापासूनचे अंतर लिहा. नाल्यावर नुसत्या रपट्याला (पाण्यालगतच्या ठेंगण्या फरशीला) मान्यता देऊ नका, पूल मागा. रपट्यावरून पाणी वाहिले की एसटी अलीकडेच थांबते. रस्त्याच्या शेवटी बस वळवायला जागाही सोडा, ती हमखास विसरतात.