पार्किन्सनच्या आजारात विजेचे स्पंद देण्यासाठी मेंदूत इलेक्ट्रोड (बारीक तार) नेमका कुठे बसवायचा, हे कोणी शोधलं?
बरंचसं श्रेय अमेरिकेच्या मॅलन डीलाँग यांना. एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत ते रुजू झाले तेव्हा मेंदूचे 'मानाचे' भाग सहकाऱ्यांनी अभ्यासाला आधीच घेतलेले. यांच्या वाट्याला उरला बेसल गँग्लिया, म्हणजे मेंदूत खोलवर असलेला, हालचालींशी संबंधित पेशीसमूह. मग वर्षानुवर्षं माकडांच्या एकेका चेतापेशीचे विद्युतसंकेत नोंदवणं. वाचायला कंटाळवाणं, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पार्किन्सनमध्ये डोपामिन हे मेंदूतलं रसायन घटलं की बेसल गँग्लियातला सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा चिमुकला भाग अतिसक्रिय होतो. १९९० मध्ये त्यांच्या गटाने एमपीटीपी या विषारी रसायनाने पार्किन्सनसारखी लक्षणं आणलेल्या माकडांत तोच भाग निकामी केला, आणि हालचाली सुधारल्या! फ्रान्सच्या बेनाबिद यांनी तो नष्ट न करता तिथे विजेचे स्पंद दिले. २०१४ चा लास्कर पुरस्कार दोघांना मिळाला. आजार याने बरा होत नाही, हेही सांगायला हवं. कंप आणि ताठरपणा कमी होतो.