वीस वर्षं पडून असलेली होमलाइट एक्सएल-१२ चेनसॉ (लाकूड कापायची पेट्रोलवरची करवत) सुरूच होत नाही, आधी काय बघू?

नुसती दोरी ओढत बसू नका, खांदा जाईल. स्पार्क प्लग काढा, भोकात अर्धा चमचा ऑइल मिसळलेलं पेट्रोल सोडा, प्लग लावून ओढा. दोन-तीन सेकंद फुरफुरून बंद पडली तर स्पार्क ठीक आहे, गडबड कार्बुरेटरची. आतला डायाफ्राम (पेट्रोल खेचणारा पातळ पडदा) वाळल्या पापडासारखा कडक झालेला असतो, टाकीतली नळीही तडकलेली. दोन्ही बदला. अजिबातच हूं की चूं नसेल तर फ्लायव्हीलखालचे (इंजिनाच्या जड चाकाखालचे) पॉइंट्स, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क, बारीक पॉलिश पेपरने घासा. त्यावरचा गंज डोळ्यांना धड दिसतही नाही.

१९६३ मध्ये आलेलं हे मॉडेल मॅग्नेशियमचं, बार-चेन (दातेरी साखळी आणि ती जिच्यावर फिरते ती पट्टी) सोडून जेमतेम १२ पौंडांचं, त्यामुळे शिकायला झकास. पण जुन्यांना चेन ब्रेक (करवत उसळली तर साखळी झटकन थांबवणारा ब्रेक) नसतो! माझी तर फडताळातच शोभते.